शरदाची रोजकीर्द

आश्विन लागला की फैजपूरहून सातपुडा दोन कोस जवळ सरकल्यासारखा दिसतो. उन्हाळाभर धुळीत आणि पावसाळाभर ढगांत हरवलेली ती उत्तरेकडची निळसर रांग या दिवसांत घडीघडीने मोजता येते. हवा धुतलेली असते, सकाळचे ऊन कोवळे असते, आणि वावरावावरांत काही ना काही चाललेले असते. कपाशीची बोंडे फुटू लागतात, ज्वारीच्या कणसांत दाणा भरतो, केळीच्या कांदेबागेची लागण सुरू होते. व्यापाऱ्याच्या घरात मात्र हा काळ वर मान करून पाहण्याचा नसतो. नवरात्रापासून लक्ष्मीपूजनापर्यंत आमच्या भुसार पेढीवर माल उतरवणे, तोलणे, थप्प्या लावणे यांतच दिवस मावळतो. वयाची पन्नाशी उलटेपर्यंत शरद ऋतू मला ठाऊक होता तो आवक, भाव आणि वसुली एवढ्याच रूपात.

सहा वर्षांपूर्वी मुलीने नवा कॅमेरा घेतला आणि जुना माझ्या गादीवर आणून ठेवला. "बाबा, पडून राहिला तर भिंगाला बुरशी धरेल, तुम्ही वापरा," एवढेच ती म्हणाली. वस्तू वाया जाऊ देणे आमच्या रक्तात नाही, म्हणून मी तो हाती घेतला. दुकान साडेनऊला उघडते आणि या दिवसांत सूर्य सव्वासहा-साडेसहाच्या सुमारास उगवतो. मधल्या वेळातले पहिले दोन तास माझे झाले. पुढे समजले की छायाचित्रासाठी दिवसातले उत्तम दोन तासही तेच. नऊनंतर आपल्या खानदेशचे ऊन पांढरेफटक होते, सावल्या काळ्या पडतात आणि पक्ष्याच्या पिसांचा रंग उडून जातो.

सवय जन्माची असल्याने काढलेल्या छायाचित्रांची नोंद मी लाल कापडी बांधणीच्या वहीत ठेवू लागलो. मिती, वेळ, जागा, काय दिसले, किती दिसले आणि शेवटी शेरा. आमच्या सौभाग्यवतींनी पहिल्या वर्षी ती वही चाळली आणि गंभीरपणे विचारले, "यातली वसुली कधी व्हायची?"

नवशिक्याने वाघाच्या मागे लागू नये, घरच्या मांजरापासून आरंभ करावा, असे माझे ठाम मत आहे. आमच्या गोदामात एक करड्या रंगाची मांजर आहे. ती आम्ही पाळलेली नाही. गोदाम आपले आहे असा तिचा समज आहे आणि तो कोणी मोडलेला नाही. (तिच्या उदरनिर्वाहाविषयी घरात बोलणे सगळेच टाळतात.) सकाळी पूर्वेच्या दारातून उन्हाचा पट्टा बारदानाच्या ढिगावर पडतो आणि ती बरोबर त्या पट्ट्यात येऊन बसते. उभे राहून वरून टिपले की मांजर गाठोड्यासारखी दिसते. जमिनीवर पालथे पडून तिच्या डोळ्यांच्या पातळीवर कॅमेरा आणला की तीच मांजर एकदम कोणीतरी होते. नजर साधायची ती डोळ्यावर, डोळा स्पष्ट आला की बाकीचे थोडे धूसर राहिले तरी चालते, हे मला तिने शिकवले. एक पूर्ण पंधरवडा मी तिच्यावर घालवला. हमालांना शेठ बारदानावर पालथे पडलेले पाहण्याची सवय झाली. पुढे वसुबारसेला शेजारच्या गोठ्यातले वासरू टिपताना ती मेहनत कामी आली. कानाला हळदीकुंकवाचे बोट लागलेले ते वासरू आईच्या पोटाखालून पाहत होते. चमकदिवा न वापरता, दाराशी येणाऱ्या उजेडावर ते चित्र निघाले.

घराबाहेर पडल्यावर पहिला पाहुणा भेटला तो धोबी. शेपटी वरखाली हलवत ओलसर जागी पळणारा हा करडा-पांढरा पक्षी उत्तरेकडून थंडीसाठी येतो. आश्विनात तो मळ्याच्या पाटावर दिसला की वहीत पहिली नोंद त्याची. मग रुईच्या झुडपावर बिबळ्या कडवा हे नारिंगी फुलपाखरू. त्याची अळी रुईचे विषारी पान खाते, ते विष फुलपाखराच्या अंगात उतरते आणि एकदा चव घेतलेला पक्षी पुन्हा त्याच्या वाटेला जात नाही. त्याच्याच शेजारी हुबेहूब तशाच रंगाचे दुसरे एक फुलपाखरू बसते. ती छोटा चांदवा या जातीची मादी. तिच्या अंगात विष नाही, पण दुसऱ्याचा छाप लावून ती सुखरूप वावरते. खोटे नाणे ओळखण्यात ज्यांचे आयुष्य गेले त्यांनी ही जोडी एकदा जवळून पाहावी. मागच्या पंखाच्या वरच्या कडेवरचे काळे ठिपके मोजले की भेद कळतो. उडत्या फुलपाखरावर ते मोजणे अशक्य, चित्रावर सोपे.

आणि चतुर! दसऱ्याच्या आसपास संध्याकाळी मोकळ्या वावरावर पिवळसर चतुरांचे थवेच्या थवे तरंगत असतात. लहानपणी आम्ही त्यांच्या शेपटीला दोरा बांधत असू. आता मुलांना तसे करू देत नाही. मालदीवमध्ये राहणारे सागरी जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी २००९ साली मांडले की हे बोटाएवढे कीटक भारतातून वाऱ्यावर स्वार होऊन मालदीवमार्गे पूर्व आफ्रिकेपर्यंत समुद्र ओलांडतात. त्याच सुमारास त्याच दिशेने जाणारे अमूर ससाणे वाटेत त्यांच्यावर पोट भरतात. ज्यांचे पूर्वज लोटा-दोरी घेऊन मारवाडातून खानदेशात पायी आले, त्यांना या प्रवासाचे नवल वाटेल आणि थोडी ओळखही पटेल.

विहिरींविषयी मात्र सविस्तर लिहिले पाहिजे. यावल-रावेरचा हा पट्टा विहीरबागायतीचा. केळीला पाणी फार लागते, विहिरींनी ते वर्षानुवर्षे दिले, मग त्या आटत गेल्या आणि कूपनलिका खोल-खोल जाऊ लागल्या. आपले दोन्ही तालुके भूजलाच्या अतिउपशासाठी ओळखले जातात, हे वाचकांना सांगायला नको. परंतु विहीर आटली की केवळ पाणीच जात नाही. सुगरण पक्षी आपले खोपे बहुधा पाण्यावर झुकलेल्या फांदीला लोंबवतो, म्हणजे साप-मांजराला तेथवर पोहोचणे कठीण पडते. नर गवताच्या आणि पात्यांच्या लांब चिरफाळ्या काढून खोपा विणतो, अर्धा झाला की मादी येऊन तपासते, पसंत पडला तरच पुढचे काम होते. आतून तो ओल्या मातीचे ठिपके लावतो. हे सारे पावसाळ्यात चालते. भाद्रपद सरता सरता पिल्ले उडून जातात आणि आश्विनात रिकामे खोपे वाऱ्यावर हलत राहतात. माझ्यासारख्या हौशी माणसाला हाच काळ योग्य. घरट्यात पिल्ले असताना कॅमेरा घेऊन जवळ जाणे मला मान्य नाही. आई-बाप बिचकून दूर राहिले तर पिल्ले उपाशी राहतात, आणि आपण झुकवलेली एक फांदी कावळ्याला वाट दाखवते.

गावाबाहेरच्या एका जुन्या दगडी विहिरीवर बाभळीला पहिल्या वर्षी मी सव्वीस खोपे मोजले. पुढल्या वर्षी एकोणीस. मग बाभूळ तोडली गेली. आता त्या विहिरीत मलमा भरला आहे. ज्यांची विहीर त्यांना दोष देत नाही. कोरडी उघडी विहीर म्हणजे लेकराबाळांना आणि गुराढोरांना धोका, आणि शेतकऱ्याला इंच इंच जमीन हवी असते. पण वहीतल्या त्या दोन नोंदी नसत्या तर तेथे सव्वीस खोपे होते हे मी स्वतःही पुढे छातीठोकपणे सांगू शकलो नसतो. फैजपूरचे नाव देशभर झाले ते २७ व २८ डिसेंबर १९३६ रोजी येथे भरलेल्या काँग्रेस अधिवेशनामुळे. पंडित नेहरू अध्यक्ष होते, खेड्यात भरलेले ते पहिलेच अधिवेशन, आणि नंदलाल बसूंनी बांबूसारख्या साध्या साहित्यातून ते नगर सजवले होते. त्या वेळची छायाचित्रे पाहताना हल्ली माझी नजर पुढाऱ्यांवरून सुटून मागच्या झाडाझुडपांकडे जाते.

खोप्यांची आणखी एक गोष्ट. परिचितांपैकी अनेकांनी मला विनवले, "रिकामाच आहे ना, एक आणून द्या, दिवाणखान्यात छान दिसेल." शहरांतल्या प्रदर्शनांत असे खोपे विकायलाही असतात. कार्तिकातल्या एका सकाळी मी एका रिकाम्या खोप्यावर अर्धा तास कॅमेरा रोखून बसलो, आणि पांढऱ्या कंठाची मुनिया चोचीत पीस घेऊन आत शिरली. सुगरणीने सोडलेल्या खोप्यात मुनिया आपला संसार मांडते. ते चित्र मोठे करून चौकटीत बसवले आहे. खोपा मागणाऱ्याला मी तेच भेट देतो. बहुतेकांना ते आवडते, एक-दोघे नाराज झाले.

चालण्याविषयी थोडे. मुनिमहाराज चातुर्मासात एका जागी का राहतात आणि एरवी चार हात जमीन पाहून पाऊल का टाकतात, हे आपल्या घरांत लहानपणीच सांगितले जाते. ईर्यासमिती हा शब्द मला पाठ होता, पण तिची अडचण मला कॅमेऱ्याने दाखवली. आश्विनातल्या बांधावर खरोखर पाहून चालायचे म्हटले तर शंभर पावलांना पंधरा मिनिटे लागतात. दोन तुरींच्या मध्ये सहीसारखी नागमोडी पांढरी रेघ काढून बसलेला कोळी, दवाने जड झालेले त्याचे जाळे, गवताच्या काडीवर थंडीने सुस्तावलेला नाकतोडा, पायवाट ओलांडणारी मुंग्यांची रांग. पक्ष्यासाठी शटरचा वेग एक हजारांश सेकंद तरी हवा, कोळ्यासाठी मोबाईलही पुरतो, हे तंत्र कोणीही आठवड्यात शिकेल. जाळे न तुटू देता त्याच्या पलीकडे जाणे शिकायला मला एक हंगाम लागला.

दसऱ्याला नीलकंठाचे दर्शन शुभ मानतात. कपाशीच्या वावरावरून जाणाऱ्या तारेवर तो बसलेला असतो तेव्हा मातकट दिसतो, आणि उडाला की पंखांत दोन निळे रंग उघडतात. उत्तरेत आणि तेलंगणात काही ठिकाणी हेच दर्शन घडवण्यासाठी त्याला पकडून, पंख बांधून, पिंजऱ्यात घालून दारोदार फिरवतात आणि लोक पैसे देतात. आपट्याचेही तेच. पानासाठी फांद्याच्या फांद्या ओरबाडल्या जातात, आणि बाजारात पुष्कळदा आपटा म्हणून कांचनाची पाने विकली जातात ती वेगळीच. आमच्या पेढीवर दोन वर्षांपासून दसऱ्याला आपट्याच्या जिवंत झाडाचे छायाचित्र छापलेले कार्ड देतो. गिऱ्हाईक हसते, पण ठेवून घेते.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला बसलो तिच्याकडे येतो.

रानपिंगळा हे लहान घुबड आपल्या खानदेशाचे. ह्यूम या पक्षितज्ज्ञाने १८७३ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले. पुढे जेम्स डेव्हिडसन या खानदेशातल्या इंग्रज अधिकाऱ्याने येथून त्याचे नमुने गोळा केले. १८८४ नंतर मात्र तो कोणाला सापडेना. रिचर्ड माइनर्ट्झहॅगन नावाच्या एका नामवंत इंग्रजाने आपल्याला तो १९१४ साली गुजरातेत मिळाल्याचे लिहून ठेवले होते, तेव्हा शोधणारे त्या चिठ्ठीच्या भरवशावर गुजरातेत फिरत राहिले. पॅमेला रासमुसेन या अमेरिकन विदुषीने तो नमुना तपासला आणि कळले की तो डेव्हिडसनच्याच पक्ष्यांपैकी एक. लंडनच्या संग्रहालयातून चोरून, पुन्हा शिवून, खोटी चिठ्ठी लावलेला. खोटी नोंद बाजूला सारून रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांनी खऱ्या नोंदींच्या जागा धुंडाळल्या, आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातल्या शहाद्याजवळ सकाळच्या उन्हात उघड्या फांदीवर तो बसलेला सापडला. एकशे तेरा वर्षांनी. त्याचे चित्रीकरण झाले म्हणून जगाने मानले. पुढे आपल्या यावल अभयारण्यातही त्याचे अस्तित्व आढळले. ज्यांची हयात कीर्द-खतावणीत गेली त्या आम्हा मंडळींना ही कथा कोणीही समजावून सांगायला नको. एक खोटी रक्कम मांडली आणि त्यापायी लोक कित्येक वर्षे भलत्या गावी वसुलीला गेले!

मी रानपिंगळा पाहिलेला नाही. माझा आहे तो साधा पिंगळा, गावागावांत आढळणारा, पांढऱ्या ठिपक्यांचा, मूठभर आकाराचा. एका जुन्या निंबाच्या ढोलीत त्याची जोडी राहते. दोन्ही पिंगळे ढोलीच्या तोंडाशी उन्हाला बसलेले आहेत, एकाचा डोळा मिटलेला आहे, असे चित्र मी पेढीत गादीच्या वर लावले आहे. गेल्या वर्षी धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी एक अनोळखी माणूस साखर घ्यायला आला आणि चित्राकडे पाहत राहिला.

"शेठ, हे आपल्याकडचंच का?"

"हो."

"कोणत्या झाडावर बसतं? एक पार्टी आहे, पैसे मोजायला तयार आहे. मोठं घुबड मिळालं तर आणखी चांगलं."

मी म्हणालो, "साखर तोलून ठेवली आहे. झाड सांगायचे नाही." तो गेल्यावर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करून त्याचे वर्णन कळवले, आणि त्या चार रात्री निंबाखाली फेरी मारली.

दिवाळीच्या सुमारास देशात घुबडांची चोरटी खरेदी-विक्री वाढते. वन्यजीवांच्या व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या 'ट्रॅफिक' या संस्थेने २०१० साली त्यावर अहवाल काढला आणि त्यानंतरही ती दिवाळीपूर्वी सावध करत आली आहे. लक्ष्मीचे वाहन म्हणून ज्याला मान द्यायचा त्याचाच तंत्रमंत्राच्या नावाखाली बळी दिला जातो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घुबड पकडणे, विकणे, जवळ बाळगणे हे सारे गुन्हे आहेत. पकडणारा बहुधा गरीब असतो, त्याच्याविषयी बोलणे सोपे आहे. पण मोजायला पैसे असणारी ती "पार्टी" कोण? जो लक्ष्मीपूजनाला नव्या वह्या मांडतो, ज्याला धंद्यात बरकत हवी असते, तो. म्हणजे आपल्याच बाजारपेठेतला कोणीतरी. हे मला त्या दिवशी गादीवर बसून स्पष्ट दिसले आणि ते येथे लिहिताना संकोच वाटत नाही. आपल्या ओळखीत कोणी अशी चौकशी करत असेल तर त्याला थांबवणे वनरक्षकापेक्षा आपल्याला सोपे आहे, कारण तो आपले ऐकतो.

तेव्हापासून माझ्या वहीत एक नियम आहे. घुबड, ससाणा आणि कोणाचेही घरटे यांच्यापुढे जागेचा रकाना कोरा राहतो. मोबाईलमध्ये चित्राबरोबर ठिकाण नोंदवण्याची सोय असते, ती मी बंद केली आहे. नातेवाइकांच्या समूहावर हौसेने चित्रे पाठवणाऱ्यांनीही ती बंद करावी. ही कोरी जागा खोट्या नोंदीसारखी नाही. मिती खरी, पक्षी खरा, संख्या खरी. फक्त पत्ता माझ्यापाशी. माझ्या नातीला तो ठाऊक आहे, आणि वय आठ असूनही तिने आजवर मैत्रिणींनाही सांगितलेला नाही.

तिलाच आता हतनूरचे वेध लागले आहेत. तापीवरच्या त्या एक्केचाळीस दरवाजांच्या धरणाच्या पाणपसाऱ्यावर कार्तिकात उत्तरेकडची बदके उतरू लागतात, नारिंगी अंगाचे चक्रवाक जोडीजोडीने चिखलात उभे असतात. माझे भिंग तेथे अपुरे पडते, पक्षी लांब असतात, त्यामुळे मुलगी पुण्याहून तिचे मोठे भिंग घेऊन येणार आहे. येत्या रविवारी पहाटे पाचला निघायचे ठरले. आईलाही यायचे आहे. तिची नवकारशी असल्याने डबा सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटांनीच उघडेल, आणि तोवर सगळ्यांनी गप्प बसून पाण्याकडे पाहायचे, असे तिने आताच बजावून ठेवले आहे.